पावसाळा आणि आपल्या तबकड्या
(जुबिलीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुबिलीच्या प्रसंगीं मनुष्याची दृष्टि साहजिकच मागें वळते. जुने फोटो बाहेर निघतात, विसरलेलीं नांवें पुन्हा ओठांवर येतात. ह्या स्मरणाच्या सामग्रींत एक वस्तु अशी आहे कीं, जिची विचारपूस फारशी होत नाहीं. ती म्हणजे माळ्यावर, पलंगाखालीं किंवा फडताळाच्या तळाशीं पडून राहिलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या. लिहिलेला शब्द दुसऱ्या कागदावर उतरून घेतां येतो. परंतु निवर्तलेल्या मनुष्याचा स्वर जिच्यांत उमटला आहे ती तबकडीच नासली, तर तो स्वर कोणालाहि परत आणतां येत नाहीं. म्हणून ओल व बुरशी ह्या दोन शत्रूंपासून ह्या ठेव्याचें रक्षण कसें करावें, एवढ्याच विषयावर चार शब्द बोलण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम तबकडी कशाची केलेली आहे हें ओळखिलें पाहिजे. कारण रोग एकच असला तरी औषध सर्वांस एक नाहीं. सामान्यतः तीन जाती आढळतात.

पहिली जात लाखेची. मिनिटास सुमारें ७८ फेरे घेणारी, जड, आणि पडली कीं फुटणारी. आपल्या देशांत अशा तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या. बालगंधर्व व अब्दुल करीमखां ह्यांचें गायन घरोघर पोंचलें तें ह्यांच्याच द्वारें. हिच्यांत लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी व कधीं कधीं कापसाचे तंतूहि मिसळलेले असतात. ओल ह्या मिश्रणांत हळूहळू शिरते, पृष्ठभाग निस्तेज होतो व बुरशीला आंत खाद्य मिळतें.

दुसरी जात व्हिनाईलची. १९४८ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी ही लांब वेळेची तबकडी लोकांपुढें मांडिली. व्हिनाईल स्वतः पाणी पीत नाहीं. बुरशी धरते ती तिच्यावरील बोटांच्या तेलकटपणावर, धुळीवर, आणि विशेषेंकरून कागदी वेष्टनावर.

तिसरी जात विरळा, परंतु सर्वांत नाजूक. अल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन त्यावर थेट ध्वनि कोरीत असत. अशा तबकडीची बहुधा दुसरी प्रत नसते. मधल्या भोंकाशीं किंवा कांठाशीं धातु दिसला तर ती हीच, असें समजावें. तिच्यावरचा पांढरा तेलकट थर नेहमींच बुरशी असतो असें नाहीं. लेपांतील एरंडेल जुनें झालें म्हणजेहि तो येतो. हिला घरीं पाणी लावूं नये. जाणकाराच्या हातींच द्यावी.

आतां बुरशीचा स्वभाव पाहूं. तिचे बीजकण हवेंत सर्वत्र असतात; त्यांना समूळ घालवणें कोणाच्या हातीं नाहीं. त्यांना रुजावयास दोन गोष्टी लागतात, खाद्य व ओलावा. हवेंतील आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर कांहीं दिवस टिकली आणि हवा कोंदलेली राहिली, कीं त्या रुजल्याच. आपल्या किनाऱ्यावर आषाढ-श्रावणांत ही आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्याहि वर असते. म्हणजे छप्पर गळलें नाहीं, पूर आला नाहीं, तरीहि संकट घरांत असतेंच. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी, हें उत्तम. तें न साधलें तरी ६० च्या खालीं ठेवण्याचा यत्न करावा. आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र स्वस्त मिळतें. अंदाजावर विसंबण्यापेक्षां तें कपाटांत ठेवावें.

जागा निवडतांना पुढील गोष्टी पाहाव्या. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीस किंवा न्हाणीच्या भिंतीस कपाट टेकवूं नये. कौलांखालचा माळा टाळावा. तेथें पावसांत गळती व उन्हाळ्यांत ताप. पाण्याच्या टाकीखालीं किंवा नळाखालीं कांहीं ठेवूं नये. सर्वांत खालचा खण जमिनीपासून निदान १० सेंटिमीटर उंच असावा. आणि ज्या घरांत पूर्वीं पाणी शिरलें आहे तेथें त्या खुणेच्याहि वर. तबकड्या पुस्तकांप्रमाणें सरळ उभ्या ठेवाव्या, एकीवर एक रचूं नयेत. शंभर तबकड्यांचें वजन वीस किलोंच्या वर सहज जातें, म्हणून फळी भक्कम हवी.

पाऊस जवळ आला कीं सर्व कांहीं प्लास्टिकमध्यें घट्ट बांधून टाकण्याची आपली रीत आहे. तबकड्यांच्या बाबतींत ती घातक ठरते, कारण आंत राहिलेली ओल मग बाहेर जाऊं शकत नाहीं. बांधावयाचेंच तर कोरड्या दिवसांत, आंत सिलिका जेलच्या पुड्या घालून बांधावें व त्या पुड्या वेळोवेळीं वाळवून घ्याव्या. डांबरगोळ्या किड्यांसाठीं आहेत. बुरशीवर तो उपाय नव्हे. जुनीं, डागाळलेलीं आंतलीं कागदी पाकिटें काढून पॉलिथिनचीं घालावीं, मऊ पी.व्ही.सी.चीं मात्र नकोत, त्यांच्या संसर्गानें तबकडीवर धुकट डाग पडतात.

एवढें करूनहि पाणी आलें तर? २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशीं प्रथम माणसें व विजेचें बटण, मग तबकड्या. पाणी ओसरतांच मात्र विलंब करूं नये, कारण ओल्या कागदावर बुरशी सुमारें ४८ तासांत दिसूं लागते. पुराच्या पाण्यांत मैला असतो, म्हणून हातमोजे घालावे. तबकडी वेष्टनांतून बाहेर काढावी, पण कोणती कोणत्या वेष्टनांतली ह्याची टीप त्याच क्षणीं करावी. चिटकी सुटून गेली तर गाणें निनावी होतें.

चिखल घांसूं नये, स्वच्छ गार पाण्याच्या मंद धारेनें वाहूं द्यावा. घांसल्यास रेतीचा प्रत्येक कण चरे पाडतो. मग पाण्यांत सौम्य, बिनवासाच्या साबणाचा एखाद-दुसरा थेंब टाकून, मऊ कापडानें रेषांच्या दिशेनें गोल पुसावें, आणि शेवटीं डिस्टिल्ड पाण्यानें धुवावें. मधली चिटकी शक्य तों कोरडी राखावी. लाखेची तबकडी पाण्यांत भिजत ठेवूं नये. आणि तिला स्पिरिट कधींहि लावूं नये, कारण त्यांत लाख विरघळते. धुतलेल्या तबकड्या ताटाळ्यांत ताटें उभीं करावीं तशा उभ्या करून, सावलींत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवाव्या. ऊन किंवा गरम हवा लागली तर त्या वांकड्या होतात. वेष्टनें टीपकागदांमध्यें ठेवून कागद वरचेवर बदलावे. तीं पुष्कळ असलीं व वेळ नसला तर पॉलिथिनच्या पिशवींत घालून बर्फाच्या कपाटांत ठेवावीं, म्हणजे बुरशी थांबते. तबकड्या मात्र तेथें घालूं नयेत.

बुरशी आधींच धरली असेल तर ती तबकडी वाजवूं नये. सुई ती घाण रेषांत दाबून बसविते. प्रथम कोरडी होऊं द्यावी, मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ कुंचल्यानें झाडावी. दम्याच्या माणसानें हें काम करूं नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कितीहि जपलें तरी एकाच ठिकाणीं असलेली वस्तु एका रात्रींत जाऊं शकते. म्हणून प्रत्येक घरानें आपल्या तबकड्यांची यादी करावी व जी दुर्मिळ असेल तिच्यांतील ध्वनि डिजिटल स्वरूपांत उतरवून घ्यावा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गांवीं नातलगांकडे ठेवावी. चिटकीवर नांव नसलें तर कोण गात आहे हें सांगणारे वृद्ध आज आपल्यामध्यें आहेत. त्यांना आजच विचारावें. ओलीपासून तबकडी पुष्कळदां वांचवितां येते, पण ओळखणारा गेला कीं ओळख वांचवितां येत नाहीं.

मृग लागण्यापूर्वीं एक संध्याकाळ ह्या कामास द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.