चिनी काढा आणि केमोचे जुलाब



गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटाकडे एक कर्जमागणी आली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘चिनी औषधी मुळीची पावडर’. सासूबाईंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमो चालू, जुलाबांनी त्या पार गळून गेलेल्या. कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की चीनमध्ये केमोबरोबर हेच देतात. डब्याची किंमत ऐकून आमच्या खजिनदार ताईंनी पेनच खाली ठेवलं. पण ‘चीनमध्ये देतात’ ही गोष्ट काही खोटी नाही. म्हणून आम्ही माहिती काढली, ती आज सांगतो.

ही मुळी म्हणजे ह्वांगचिन. तुळशीच्या कुळातलं झाड, पिवळी कडू मुळी. तिच्या जोडीला पिओनी नावाच्या फुलझाडाची मुळी, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं, असा चौघांचा काढा तिकडे सुमारे १८०० वर्षांपासून जुलाबांवर देतात. आपल्या आज्यांच्या काढ्यासारखाच की!

आता केमोचं. आतड्याच्या कॅन्सरला इरिनोटेकान नावाचं एक औषध देतात. ते ज्या द्रव्यापासून बनतं ते आधी एका चिनी झाडात सापडलं, आणि मग आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात. हो, तोच घाण वासाचा नरक्या. मागणी आली तसा तो बेसुमार तुटला, पण तो विषय वेगळा. इरिनोटेकान कामाचं आहे, पण त्याने जुलाब फार होतात. यकृत या औषधाला एक गाठ मारून त्याचा जोर काढतं आणि आतड्यात सोडतं. आतड्यातले जिवाणू ती गाठ सोडतात. औषध पुन्हा जागं होतं आणि आतड्याचं अस्तर सोलवटून काढतं. जुलाब कधीकधी डोस घेऊन काही दिवसांनी सुरू होतात ते म्हणून. घरच्यांना वाटतं, काहीतरी खाण्यात आलं.

अमेरिकेत येल विद्यापीठातल्या युंग-ची चेंग यांच्या गटाने हाच जुना काढा तपासायला घेतला. २०१० साली त्यांनी उंदरांवरचा अभ्यास छापला. इरिनोटेकानबरोबर काढा दिलेल्या उंदरांचं आतडं लवकर भरून आलं, आणि केमोचं कॅन्सरवरचं काम कमी झालं नाही. वाचून आम्हालाही आनंद झाला. पण पुढचं नीट ऐका. त्यांनी बाजारातली पावडर वापरली नव्हती. ठरलेल्या प्रमाणात बनवलेला, प्रत्येक घाणा प्रयोगशाळेत तपासलेला अर्क होता तो. माणसांवरच्या चाचण्याही झाल्या, पण थोड्याच रुग्णांवर, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. कुरिअरने येणाऱ्या डब्यात काय आहे, किती आहे, हे डब्यावर धड लिहिलेलंही नव्हतं. आमचं मत स्पष्ट आहे. चिनी वैद्यकाला नावं ठेवायचं कारण नाही, पण त्याच्या नावावर डबे विकणारा माणूस म्हणजे चिनी वैद्यक नव्हे.

मग एकीने विचारलं, चिनी नको तर आपला ज्येष्ठमध उगाळून देऊ का? घरचंच आहे, अपाय कसला? बायांनो, इथेच थांबा. ज्येष्ठमध रोज आणि जास्त पोटात गेला तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. जुलाबांनीही पोटॅशियमच उतरतं. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय काही मुळ्यांमुळे यकृतातून केमोचं औषध बाहेर पडण्याचा वेग बदलतो. म्हणजे डोस तोच, पण अंगाला कमी किंवा जास्त लागतो.

कर्ज आम्ही मंजूर केलं, पण पावडरीसाठी नाही, दवाखान्याच्या खेपांसाठी. सोबत गटातली एक जण पाठवली. तिथे कळलं की जुलाब थांबवायच्या गोळ्या पहिल्या दिवशीच लिहून दिलेल्या होत्या. पण ‘किरकोळ जुलाबाला कशाला गोळी’ म्हणून पुडी फडताळातच पडून होती. सून बिचारी शेतावर, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तुमच्या घरी केमो चालू असेल तर फाइल मिळाली त्याच दिवशी विचारून घ्या, जुलाब लागले तर कोणती गोळी, किती वेळा, आणि फोन कुणाला करायचा. दिवसातून किती वेळा जावं लागलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, पेज चालू ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला, चक्कर आली, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच निघा. आणि काढा, चूर्ण, मुळी काहीही देत असाल तर ती पुडी पिशवीत टाकून डॉक्टरांपुढे ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तर रागावू देत.