आरसीवर नाव कुणाचं?

(जालन्यात तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



आज मी गाडीवर बोलणार आहे. चारचाकी गाडीवर. मागं बसलेली काही पोरं हसली, ते मी बघितलं. ज्यांच्या आज्याला पाटलाच्या वाड्यासमोरून चप्पल हातात घेऊन जावं लागायचं, त्यांच्या नातवांच्या बैठकीत चारचाकीच्या कागदांवर भाषण! हसू येणारच. पण हसून झालं की ऐका. चप्पल चोरीला गेली तर माणूस अनवाणी चालतो. गाडी कागदात फसली तर बायकोचं डोरलं जातं आणि पुढच्या पाच वर्षांची मजुरी जाते.

आपली पोरं आता गाड्या घेतात. कुणी सळईच्या कारखान्यात रात्रपाळ्या करून पैसा जमवतो, कुणी ऊसतोडीला जाऊन. अंबड-घनसावंगीची मोसंबी वाहायला छोटा हत्ती घेतात, मंठा-परतूरला शिटं मारायला जीप घेतात, कुणी नुसती घरच्या माणसांसाठी कार घेतो. घ्यावी. आपला माणूस स्टिअरिंगवर बसला की ज्यांच्या पोटात दुखतं त्यांचं दुखू द्या. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की ती गाडी आहे कुणाची?

शोरूममध्ये पोरगा जातो. हार, पेढे, चावीसोबत फोटो. रक्कम सांगतात ती ‘ऑन रोड’. गाडीची किंमत, टॅक्स, विमा, पासिंग, सगळं त्यात. पोरगा विचारतो, “साहेब, पासिंग?” साहेब म्हणतो, “होऊन जाईल.” हे ‘होऊन जाईल’ आपल्या ओळखीचं आहे. गायरानाच्या नोंदीसाठी आपले बाप तलाठ्याकडं खेटे घालायचे तेव्हा त्यांनाही हेच ऐकायला मिळायचं. जमीन कसली, पिढी गेली, सात-बाऱ्यावर नाव सरकारचंच.

कायदा काय म्हणतो ते ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. कलम ३९ म्हणतं, नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम ४२ शोरूमवाल्याला सांगतो की कच्ची का पक्की, पण नोंदणी झाल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. २०१९ ला कायदा बदलला. आता शोरूम आणि नोंदणी एकाच राज्यात असेल तर नव्या गाडीचा अर्ज शोरूमवाल्यानंच करायचा. नाही केला तर त्याला वर्षाच्या रोड टॅक्सच्या पंधरापट किंवा गाडीचा आयुष्यभराचा टॅक्स, यातली जी जास्त असेल ती रक्कम दंड. कलम १९२-ब. म्हणजे ‘होऊन जाईल’ म्हणणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नाही. त्याचं ते काम आहे, आणि नाही केलं तर त्याच्या खिशाला कात्री आहे. हे त्याला ठाऊक असतं. आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून आपण हात जोडून उभे.

आणि कच्च्या नंबरावर गाडी फिरवत राहिलं तर काय होतं? एका माणसानं नवी बोलेरो घेतली. विमा सहा लाखांच्या वर. कच्च्या नोंदणीची मुदत १९ जुलै २०११ ला संपली. हा गडी गाडी घेऊन कामासाठी जोधपूरला गेला, रात्री मुक्काम केला आणि २८ जुलैला गाडी चोरीला गेली. नऊ दिवस उलटले होते फक्त. विमा कंपनी म्हणाली, पैसे मिळणार नाहीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं द्या म्हटलं होतं, पण ३० सप्टेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणणं हाच कराराचा भंग, असं कोर्ट म्हणालं. मला हा निकाल कडक वाटतो. चोरानं काही नंबर बघून गाडी उचलली नव्हती. पण निकाल आहे, आणि उद्या तुमची गाडी गेली तर कंपनीचा वकील तोच काढून दाखवेल.

आता मालकीचं. ही गोष्ट अवघड आहे, सावकाश घ्या. वस्तू विकत घेण्याचा कायदा १९३० चा आहे. त्या कायद्यानं व्यवहार पुरा झाला, गाडी हातात आली, की घेणारा मालक. मोटार वाहन कायद्यात मात्र मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गाडी कर्जावर असली तर कर्जाच्या कराराखाली जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती. घेणारा आणि विकणारा यांच्या भांडणात पहिला कायदा बोलतो. रस्त्यावर माणूस मेला की दुसरा.

एक खटला सांगतो. मूळ मालकानं २००७ ला कार विकली. तिथून ती हातोहात फिरत चौथ्याकडे गेली. आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ ला त्या गाडीखाली एक जीव गेला. ६ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्याचं नाव नोंदीत आहे तोच भरपाईला जबाबदार. मेलेल्याच्या घरच्यांनी या हातातून त्या हातात गाडी कुणी विकली ते शोधत फिरायचं का, असा कोर्टाचा रोख होता. आणि ते मला पटतं. मेलेला बहुतेक वेळा दुचाकीवरचा नाहीतर पायी चालणारा असतो, म्हणजे आपल्यातलाच.

म्हणून आता जे बोलणार आहे ते जरा लागेल. लागू द्या.

आपली पोरं नाव भाड्यानं देतात. धरा, गावातला एखादा बडा माणूस आहे. त्याचं सिबिल खराब झालेलं. तो आपल्या पोराला म्हणतो, “गाडी तुझ्या नावावर काढू, हप्ते मी भरतो, तुला पाच हजार.” पोरगा सह्या करतो. शोरूमचे कागद, कर्जाचे कागद, वर कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. हे फॉर्म गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे असतात. गाडी बड्याच्या दारात. हप्ते थकले की वसुलीवाले पोराच्या दारात. अपघात झाला की नोटीस पोराच्या नावानं. मग पोरगा वकिलाला विचारतो, “साहेब, मी तर त्या गाडीत कधी बसलोबी नाही, मग मालक मी कामून?” गायरानात ताबा आपला आणि नाव दुसऱ्याचं. इथं नाव आपलं आणि ताबा दुसऱ्याचा. दोन्हीकडं मार खाणारा तोच.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ उजाडेपर्यंत आपण नावासाठी रस्त्यावर होतो. सोळा वर्षं. ज्यांच्या आई-बापांनी नावासाठी घरं जळताना बघितली, त्यांची पोरं पाच हजारात नाव देऊन येतात. मी त्यांना शिव्या देत नाही. पाच हजार म्हणजे महिन्याचा किराणा, हे मला कळतं. पण किराणा संपतो, सही राहते.

मिनी ट्रॅक्टरचंही बघा. २०१२ ला सामाजिक न्याय विभागानं अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी योजना काढली. साडेतीन लाखांपर्यंतचा ट्रॅक्टर आणि अवजारं, त्यात ९० टक्के सरकारचे, गटाचे ३५ हजार. अध्यक्ष आणि सचिव आपल्यातलेच हवेत. घरी गेल्यावर आपापल्या गावात एक फेरी मारा. गटाचा ट्रॅक्टर कुणाच्या वाड्यात उभा आहे ते डोळ्यानं बघा, आणि ते ३५ हजार कुणी भरले होते ते विचारा. पुढच्या बैठकीत मला सांगा.

बोजाचं थोडक्यात. सात-बाऱ्यावर चढतो तसा आरसीवरही कर्जाचा बोजा चढतो. शेवटचा हप्ता भरला म्हणून तो आपोआप उतरत नाही. फायनान्सवाल्याकडून एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ घेऊन आरटीओत उतरवून घ्यावा लागतो. हप्ते थकले तर गुंड पाठवून रस्त्यात गाडी अडवायचा अधिकार कुणालाही नाही. २००७ ला सुप्रीम कोर्टानं बँकांना त्यावरून झापलं, आणि २०११ ला एका मारुती गाडीच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं की ताबा घ्यायचा तर कायद्याच्या वाटेनंच. तरी गाड्या अडवतातच. अडवली तर एकट्यानं हुज्जत घालू नका. चार जणांना फोन लावा, पोलिसांत लेखी द्या, गाडी नेणाऱ्याकडून पावती घ्या.

नवी गाडी घेताना आरसीवर बांधणीचा महिना आणि वर्ष वाचा. गेल्या वर्षीची गाडी यंदाच्या भावानं गळ्यात मारतात. चेसिस नंबर बिलावर, विम्यावर आणि गाडीवर एकच आहे का ते स्वतः वाकून बघा. शोरूममध्ये वाकायला लाजू नका, पैसा आपला आहे. आणि रोख दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती.

फसवलंच तर जालन्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूम संभाजीनगरला असलं तरी. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. समोरचा वकील म्हणेल, हा गाडी भाड्यानं मारतो, हा ग्राहक नाही, धंदेवाला आहे. घाबरायचं नाही. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच रिक्षा आणि ट्रकचं उदाहरण देऊन सांगितलं आहे. ड्रायव्हर ठेवून चार गाड्या पळवणाऱ्याचं वेगळं.

मी थांबतो. ज्यांनी आरसी आणि कर्जाचे कागद सोबत आणलेत त्यांनी इकडं टेबलापाशी या. कोऱ्या फॉर्मवर ज्यांनी सह्या दिल्यात त्यांनी आधी या. त्यांचे अर्ज आजच लिहून काढू, उद्या सकाळी आरटीओत द्यायला.