विद्युत कर्मचाऱ्यांची सुरक्षितता : नियम आणि गावाचे कर्तव्य

पावसाळ्याच्या तोंडावर वादळवारे सुटतात, झाडांच्या फांद्या तारांवर कोसळतात आणि गावाचा वीजपुरवठा खंडित होतो. नळयोजनेचा पंप थांबतो, पिठाची गिरणी बंद पडते, दवाखान्यातील शीतपेटीत ठेवलेल्या लसींची काळजी वाटू लागते. अशा वेळी साऱ्या गावाचे लक्ष एका माणसाकडे लागलेले असते. तो म्हणजे खांबावर चढणारा वायरमन. वीज लवकर यावी ही ग्रामस्थांची अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु तारेला हात लावण्यापूर्वी या कर्मचाऱ्याला काही गोष्टी ठरावीक क्रमाने कराव्या लागतात व त्यांस वेळ लागतो. हा वेळ म्हणजे दिरंगाई नव्हे, ही गोष्ट मात्र पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही.

विजेचा धक्का किती घातक ठरेल, हे शरीरातून किती प्रवाह वाहतो आणि किती वेळ वाहतो यावर अवलंबून असते. एक मिलिअँपिअर प्रवाह नुसता जाणवतो. दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. पन्नास मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह एक-दोन सेकंद छातीतून वाहिला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. घरातील १५ वॅटच्या लहानशा दिव्यातूनदेखील सुमारे ६५ मिलिअँपिअर प्रवाह वाहत असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या धोक्याचे स्वरूप स्पष्ट होते. गावाच्या रोहित्रापर्यंत येणारी उच्चदाब वाहिनी तर बहुतेक ठिकाणी ११,००० किंवा २२,००० व्होल्टची असते. तेथे चुकीला क्षमा नाही.

उपकेंद्रात स्विच बंद केला म्हणजे तार निर्धोक झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. बंद केलेल्या वाहिनीत वीज अनेक मार्गांनी परत येऊ शकते. शेजारून किंवा वरून जाणाऱ्या चालू वाहिनीमुळे तिच्यात विद्युत्दाब निर्माण होतो. तुटलेली चालू तार तिच्यावर पडू शकते. दूर कोठे तरी वीज कोसळली, तरी तिचा आघात तारेवाटे कामाच्या जागी पोहोचतो. चौथा मार्ग गावातूनच निघतो. एखाद्या दुकानदाराने किंवा शेतकऱ्याने आपला जनित्रसंच बदलस्विच न बसवता घराच्या जोडणीला लावला, तर ती वीज लघुदाब तारेवाटे उलट रोहित्राकडे जाते. जे रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरापर्यंत देते, तेच रोहित्र २३० व्होल्टचा दाब चढवून सुमारे दहा हजार व्होल्टपर्यंत नेऊ शकते. खांबावरील माणसाला याची काहीही कल्पना नसते.

म्हणूनच सुरक्षा नियमांचे सार एका वाक्यात सांगता येते. तपासून भूसंपर्कित केल्याशिवाय कोणतीही वाहिनी बंद आहे असे मानावयाचे नाही. या तत्त्वानुसार कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम उपकेंद्रातून लेखी परवाना घ्यावयाचा. नंतर कामाच्या जागेवरील स्विच उघडून त्याची तिन्ही पाती खरोखर अलग झाली आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहावयाचे आणि त्यास कुलूप लावून सूचनाफलक अडकवावयाचा. त्यानंतर दाबदर्शकाने तार तपासावयाची. शेवटी भूसंपर्क दांडे लावावयाचे. त्यातही जमिनीकडील टोक आधी जोडावयाचे आणि तारेकडील टोक नंतर. काढताना हाच क्रम उलट करावयाचा. वीज दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव असल्यामुळे दांडेही कामाच्या दोन्ही बाजूंस हवेत. शिरस्त्राण, रबरी हातमोजे व सुरक्षापट्टा ही साधने आवश्यकच आहेत. परंतु ती या क्रमाची जागा घेऊ शकत नाहीत.

परवान्याचा नियम विशेष महत्त्वाचा आहे. उपकेंद्रातील चालकाला कित्येक मैलांवरील खांबावर कोण चढले आहे हे दिसत नाही. त्या दोघांना जोडणारा धागा म्हणजे नोंदवहीतील ती लेखी नोंद. ज्याच्या नावाने परवाना दिला, त्याने स्वतः माणसे व दांडे मोजून तो परत केल्याखेरीज वाहिनी चालू करावयाची नाही. ‘अर्ध्या तासाने चालू करा’ असा तोंडी संकेत ठरवून काम करणे यासाठीच निषिद्ध आहे. काम अर्ध्या तासात संपले नाही, तरी घड्याळ थांबत नाही.

ही तत्त्वे नवीन नाहीत. तार हाताळण्यापूर्वी ती भूसंपर्कित करण्याची दक्षता १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच सांगितली होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या विनियमांतही ती कायम राहिली. विद्युत अधिनियम, २००३ अन्वये अपघाताची सूचना देणे बंधनकारक असून विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होऊ शकते. कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, तारेतील वीज हा भेद जाणत नाही. म्हणून प्रशिक्षण आणि साधने दोघांनाही सारखीच मिळाली पाहिजेत.

नियम कागदावर चोख असले, तरी त्यांचे पालन गावाच्या वागणुकीवरही अवलंबून असते. पुरवठा खंडित झाला असता उपकेंद्रास वारंवार दूरध्वनी करून वाहिनी चालू करण्याचा आग्रह धरणे, ‘थोडेसेच काम आहे, परवाना कशाला’ असे म्हणून वायरमनला घाई करणे, किंवा गावातील एखाद्या धाडसी तरुणाला खांबावर चढविणे, हे सर्व प्रकार प्राणघातक ठरू शकतात. सरपंच व सदस्यांनी येथे आपले वजन नियमाच्या बाजूने टाकावयास हवे. गावातील प्रत्येक जनित्रसंचाला बदलस्विच आहे काय, याची पाहणी ग्रामपंचायतीला सहज करून घेता येईल. तारांवर आकडे टाकणे आणि डीपीतील फ्यूज परस्पर बदलणे या सवयींविरुद्ध ग्रामसभेत स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे. तुटलेली तार दिसल्यास तिच्याजवळ न जाता, इतरांनाही दूर ठेवून १९१२ या क्रमांकावर कळवावे.

शिक्षकांचे साहाय्य याहून दूरगामी ठरेल. धक्का बसलेल्या माणसाला थेट हात न लावता प्रथम वीजपुरवठा तोडावा. घरगुती दाबाच्या तारेपासून त्याला कोरड्या लाकडाने दूर करता येते, परंतु उच्चदाब वाहिनीच्या बाबतीत पुरवठा बंद झाल्याची खात्री पटेपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये, हा फरक वरच्या वर्गातील मुलांना समजावून सांगता येईल. श्वास व नाडी थांबली असल्यास छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देण्याची कृती वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवावयाची असते. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहकार्याने शाळेतच शिकविता येण्याजोगी आहे.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न मूल्यमापनाचा आहे. पुरवठा किती मिनिटांत सुरळीत झाला, एवढेच विचारले गेले तर दांडे लावण्याची पाच मिनिटे वाचविण्याचा मोह होणारच. दांडे लावले होते काय, हा प्रश्न आधी विचारला गेला, तर तीच पाच मिनिटे कर्तव्याचा भाग ठरतील. अंधारात आणखी अर्धा तास काढणे गावाला अशक्य नाही. त्या अर्ध्या तासाच्या मोबदल्यात खांबावर चढलेला माणूस सुखरूप खाली उतरून आपल्या घरी जातो.