संतोष करंडक अजून का हवा?

आंतरराज्य फुटबॉलची संतोष करंडक स्पर्धा १९४१ साली कोलकात्यात सुरू झाली. आज बांगलादेशात असलेल्या संतोष संस्थानचे राजे मन्मथनाथ रायचौधुरी यांचे नाव तिला मिळाले. पहिले विजेतेपद बंगालने पटकावले आणि २०२४-२५ मध्ये केरळला १-० असे नमवून तेहतिसावे! स्पर्धा एकतर्फी आहे, असा आक्षेप यावरूनच घेतला जातो. पण इतिहास तेवढाच नाही. मुंबईने १९५४-५५ मध्ये करंडक जिंकला, पुढे महाराष्ट्रानेही. १९८३-८४ मध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षक असलेल्या गोव्याने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता बाजी मारली. २०१४ मध्ये मिझोरमसारखे छोटे राज्य विजेते ठरले आणि ईशान्येच्या फुटबॉलची दखल देशाला घ्यावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नामवंत खेळाडू आता व्यावसायिक लीगमध्ये खेळतात, मग ही स्पर्धा कशाला? तिची झळाळी ओसरली, हे मान्यच करावे लागेल. २०२३ मध्ये उपांत्य आणि अंतिम सामने थेट रियाधला नेऊनही ती पूर्वीसारखी परतली नाही. मात्र लीगचे क्लब मोजक्या शहरांतले आणि पैशांच्या बळावर उभे असतात. ज्या राज्यात मोठा क्लब नाही, तिथल्या होतकरू खेळाडूला राष्ट्रीय मैदान मिळते ते राज्याच्या संघातूनच. म्हणून ही स्पर्धा लीगची प्रतिस्पर्धी नव्हे, तिची पहिली पायरी आहे. ती मोडीत न काढता भक्कम करणे, यातच भारतीय फुटबॉलचे हित आहे.