आखडलेला खांदा आणि घरचा व्यायाम
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील व्याख्यान)



खांदेदुखीने मृत्यू येत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु ज्या भगिनीस अंबाडा घालता येत नाही, फडताळावरील डबा काढता येत नाही, किंवा ज्या शेतकऱ्यास सदऱ्याच्या बाहीत हात घालण्यासाठी दुसऱ्याची मदत लागते, त्यांचे परावलंबन लहान नसते. रात्री त्या कुशीवर झोपताही येत नाही.

खांदा हा उखळीचा सांधा आहे. मात्र त्याची उखळ अत्यंत उथळ असते. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो. या सांध्याभोवतीचे लवचीक आवरण सुजून जाड होते व आकसते, तेव्हा खांदा आखडतो. बोस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली या विकारास ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव दिले. साधारणतः चाळीस ते साठ या वयात, आणि स्त्रियांमध्ये अधिक प्रमाणात, तो आढळतो. मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट असते. यास्तव खांदा विनाकारण आखडल्यास रक्तातील साखर अवश्य तपासावी.

प्रथम वेदना, मग ताठरपणा आणि शेवटी हळूहळू मोकळीक, असा या विकाराचा क्रम असून त्यास एक ते तीन वर्षे लागू शकतात. दुखते म्हणून रुग्ण हात पोटाशी धरून ठेवतो; न हलविल्याने तो अधिक आखडतो. याउलट, कोणाकडून जोराने ओढून वा चोळून घेतल्यास सूज वाढते. पूर्ण विश्रांती आणि बळजबरी या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे नियमित व्यायाम.

प्रारंभी दहा मिनिटे शेक घ्यावा. पहिला व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो: निरोगी हात टेबलावर टेकून कमरेत वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि लंबकाप्रमाणे लहान वर्तुळांत झुलवावा. दुसरा, भिंतीसमोर उभे राहून बोटे भिंतीवर हळूहळू वर चढवावीत व पोचलेल्या जागी खडूने खूण करावी. तिसरा, कोपरे कमरेशी ठेवून दोन्ही हातांत आडवी काठी धरावी आणि निरोगी हाताने दुखरा हात बाहेरच्या बाजूस ढकलावा. चौथा, पाठीमागे टॉवेल धरून निरोगी हाताने वर ओढावा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावा. ताण जाणवणे योग्य. परंतु व्यायामानंतर दुखणे वाढून तसेच टिकून राहिले, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. तीव्र वेदनेच्या काळात केवळ लंबकाचा व्यायाम पुरेसा आहे.

मात्र प्रत्येक खांदेदुखी ही आखडलेला खांदा नव्हे. पडल्यानंतर हात उचलता न येणे, ताप व सूज असणे, अशा वेळी प्रथम डॉक्टरांना दाखवावे. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत घाम सुटत असेल वा धाप लागत असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तेव्हा क्षणाचाही विलंब नको. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात धरून त्यास कधीही ओढू नये.

ब्रिटनमधील ५०३ रुग्णांवरील एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टिरॉइडच्या इंजेक्शनसह व्यायामोपचार, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना केली होती. वर्षअखेर तिन्ही गटांतील रुग्ण पुष्कळ सुधारले. कोणताही एक उपचार ठळकपणे सरस ठरला नाही. अर्थात, बहुतेकांनी शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी व्यायामास पुरेसा अवधी देणे हेच श्रेयस्कर.

साक्री, शिरपूर वा शिंदखेडा तालुक्यातील रुग्णास रोज धुळ्यास येणे परवडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तर एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. म्हणून व्यायामोपचार विभागाचे खरे काम रुग्णास शिकवून घरी पाठविणे आणि ठरावीक दिवसांनी त्याची प्रगती पाहणे हे आहे. भिंत, काठी आणि टॉवेल प्रत्येक घरी असतात. शिकविणाऱ्याने वेळ द्यावा आणि शिकणाऱ्याने धीर सोडू नये, एवढीच अपेक्षा. भिंतीवरील खूण आठवड्यात बोटभर वर सरकली, तरी ती प्रगतीच होय.