नव्या लशी आणि आपला माळवा

1896 साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला, तेव्हा जंतुशास्त्रज्ञ डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आश्रयाने जंतू वाढविले, उष्णतेने ते मारिले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. जंतू वाढवावा, निर्बल करावा किंवा मारावा आणि मग टोचावा, ही रीत पुढे दीर्घकाळ चालली.

एम-आरएनए या नव्या प्रकारच्या लशीत जंतू वाढविण्याचे प्रयोजनच उरत नाही. जंतूचे एक प्रथिन घडविण्याचा हुकूमनामा तेवढा स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म वेष्टनातून देहात धाडावयाचा. आपल्याच पेशी त्याची तामिली करतात, प्रतिकारशक्ती ते प्रथिन ओळखून ठेवते, आणि हुकूमनामा थोड्याच दिवसांत विरून जातो. या आरएनए-रूपी परक्या हुकूमनाम्यावर शरीराने खवळून उठू नये म्हणून त्यातील एक घटक बदलण्याची युक्ती कारिको व वाइसमन या शास्त्रज्ञांनी 2005 साली प्रसिद्ध केली. त्याच कार्याबद्दल त्यांस 2023 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूने रूप पालटले, तर कारखाना तोच ठेवून केवळ मजकूर बदलता येतो. या लशींचे संरक्षण काळाने ओसरते, हेही खरे.

मात्र मला चिंता वाटते ती शीतपेटीची. इंदुरात 21 जून 2021 रोजी एका दिवसात दोन लाखांहून अधिक लोकांस कोविडची लस टोचता आली, ती साध्या शीतपेटीत राहणारी होती म्हणून. एका परदेशी एम-आरएनए लशीस प्रारंभी शून्याखाली 70 अंशांचा बंदोबस्त लागे, आणि तो झाबुआ-अलीराजपूरच्या फलियांत, म्हणजे भिलांच्या वस्त्यांत, कोण करणार? म्हणूनच पुण्याच्या जिनोव्हा कंपनीचे काम मला मोलाचे वाटते. 2 ते 8 अंशांत टिकणाऱ्या तिच्या लशीस जून 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. पुढल्या वर्षी कोविडच्या ओमायक्रॉन या रूपाविरुद्धची तिची लस आली, ती शुष्क चूर्णाच्या रूपात आणि सुईवाचून त्वचेत देता येण्याजोगी.

या नव्या लशींची गरज कोविडपलीकडेही आहे. क्षयाविरुद्ध 1921 पासून बी.सी.जी. लस हाच जगाचा आधार, आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे तो दुबळा पडतो. क्षय व हिवताप यांवरील एम-आरएनए लशींच्या परीक्षा परदेशात आरंभिल्या गेल्या आहेत. त्या यशस्वी झाल्या, तर पहिल्या कुप्या इंदूर-भोपाळच्या मोठ्या इस्पितळांत अडकून न राहता झाबुआच्या आरोग्य केंद्रांत वेळेवर पोहोचाव्यात, आणि तेथे भिली भाषा जाणणारी परिचारिका हजर असावी, याची तजवीज सरकारने आजपासूनच केली पाहिजे.