मुखपृष्ठावरची ती कोण?



२००३ च्या प्रारंभी ‘जीक्यू’ या ब्रिटिश मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘टायटॅनिक’ची नायिका केट विन्स्लेट झळकली. तिचे पाय संगणकावर प्रमाणाबाहेर बारीक करण्यात आले होते. आपण अशा दिसत नाही आणि तसे दिसण्याची आपली इच्छाही नाही, असे तिने जाहीरपणे सांगितले. संपादकांचे उत्तर अधिक बोलके होते. मासिकांतील जवळजवळ प्रत्येक छायाचित्रावर असा संस्कार होतच असतो म्हणे! संस्कार या शब्दावर काय वेळ आली आहे!

२०१५ मध्ये ‘मॉडेलिस्ट’ या नियतकालिकाने १९ वर्षांच्या झेंडाया या अमेरिकन अभिनेत्रीची कंबर अशीच कोरून काढली. तिने मूळ आणि बदललेले छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून लोकांपुढे मांडले, तेव्हा कुठे तो अंक मागे घेतला गेला. एवढी कीर्ती लाभलेल्या स्त्रीचाही स्वतःच्या प्रतिमेवर अधिकार उरत नाही. मग ते मुखपृष्ठ न्याहाळून आरशासमोर उभी राहणारी बारावीतली मुलगी स्वतःची तुलना नेमकी कोणाशी करते? मुखपृष्ठावरच्या केटसारखी तर केटही दिसत नाही!

अशा प्रतिमा मनात किती खोल उतरतात, याचा दाखला दूरचित्रवाणीने दिला आहे. फिजी बेटांवर भरलेला देह हेच सुदृढतेचे लक्षण मानले जाई. माहेरी आलेल्या लेकीला ‘किती वाळलीस गं’ म्हणून हळहळणारी आपल्याकडची आजी तिथे परकी वाटली नसती. तेथील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲन बेकर यांनी त्या वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन घटविण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी आढळली नाही. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झाले होते. अवघ्या तीन वर्षांत!

काही देशांनी कायद्याचा आधार घेतला. जाहिरातीतील देह कृत्रिमरीत्या बारीक केला असेल, तर तसे छापणे इस्रायलने २०१२ च्या कायद्याने बंधनकारक केले. फ्रान्समध्ये असाच नियम १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला. भंग झाल्यास ३७,५०० युरो दंडाची तरतूद आहे. मात्र फ्रान्सचा नियम व्यापारी छायाचित्रांपुरताच आहे. आतल्या पानावरील साबणाच्या जाहिरातीखाली सूचना छापावी लागते. दिवाणखान्यातील टीपॉयवर दिवसभर मुलींच्या नजरेसमोर असणारे मुखपृष्ठ मात्र मोकळेच!